स्वदेस बघताना मेणवलीचा घाट आडवा येतो का?

कृष्णाकाठ: काल टीव्हीवर परत स्वदेस लागलेला. २००४ चा पिच्चर पण माझं दरवेळी तेच, गोष्ट यूपीतल्या चरणपूरची आणि शूटिंग वाईजवळच्या मेणवलीत, त्यामुळं समोर आपल्या नदीघाटाच्या काळ्या दगडी पायऱ्या, मग मन गोष्टीत लागतच नाही. अजून कुणाला होतं का असं?

वाईची_पोर: मला तर अजिबात नाही. गंगाजल पण इकडंच शूट झाला की, त्यात बिहार दाखवलाय. नदी, घाट, वाडा एकाच जागी मिळतं म्हणून येतात लोक. आणि पिच्चरचा जीव त्या स्टेशनच्या सीनमध्ये आहे, पंचवीस पैशाला पाणी विकणारं ते पोरगं, इतके दिवस बाटलीतलंच पाणी पिणारा शाहरुख त्याच्या हातचं पाणी पितो आणि एक शब्द बोलत नाही, मला दरवेळी रडू येतं.

मिरज_जंक्शन: सीन भारीच, पण पिच्चर लय लांबलाय राव. वीज आणायचा भाग सोडला तर मध्ये कंटाळा येतो.

कृष्णाकाठ: लांबलाय हे नाही पटत मिरजकर, गाव कळायला तेवढा वेळ लागतोच. स्टेशनचं मात्र मान्य, तिथं घाट आठवत पण नाही.