लेगो मार्व्हल ९८ टक्क्यांवर अडकलंय, उरलेलं कुठं शोधू?

लातूरचा_मामा:
राम राम मंडळी. गेम आहे लेगो मार्व्हल सुपर हीरोज, पहिला, २०१३ ला आलेला. भाचा आलाय सुट्टीला परभणीहून, नऊ वर्षाचा आहे, आणि महिना झाला आम्ही दोघं दुपारभर हेच खेळायलोत. बाहेर ४२ च्या वर ऊन म्हणल्यावर लेकराला पाठवणार कुठं, मग लॅपटॉप टीव्हीला जोडला, दुसरी जॉयस्टिक मित्राकडून मागून आणली आणि कुलरसमोर चटई टाकून आमचा कारखाना सुरू.

स्टोरी संपून पंधरा दिवस झाले, त्या गॅलॅक्टसला (शेवटचा व्हिलन) पळवून लावलं तेव्हा पोरगं अख्ख्या वाड्यात सांगत फिरलं. आता म्हणतंय मामा १०० टक्के करायचंच. आणि इथं ९८.२ वर काटा जो अडकलाय तो हलायला तयार नाही. सोन्याच्या विटा २५० पैकी २४६ झाल्यात (गोल्ड ब्रिक हो, भाचा वीटच म्हणतो). तीन लेव्हलमधे मिनिकिट (लपवून ठेवलेल्या छोट्या वस्तू) १० पैकी ९ आहेत, दहावं काय सापडंना. स्टॅन ली (मार्व्हल कॉमिक्सचा लेखक, गेममधे जागोजागी संकटात अडकलेला असतो) ५० पैकी ४९ वाचवलेत, तो एक म्हातारा कुठं लटकलाय देव जाणे. एकेक लेव्हल चार चार वेळा खेळलो, दिसंल ते फोडत गेलो, तरी तेच. आणि ते लाल विटेचे, नाण्यांची किंमत वाढवणारे, सगळ्यात महागडे दोन गुणक परवडतच नाहीत, पैसे जमतात की भाचा कॅरेक्टर घेऊन मोकळा.

१५ जूनला शाळा उघडते, त्याच्या आधी त्याची आई न्यायला येणार. तेवढ्यात व्हईल का?

कुलर_बीड:
मामा सोपंय, आधी क्रोनोपोलिसचा सगळा नकाशा उघडून घ्या, मग ते ग्वेनपूलचे मिशन करा, गुलाबी विटा भेटतात त्यातून, मपलं तर दहा दिवसात झालतं सगळं.

गोदाकाठ_नांदेड:
अरे लेका ते दुसऱ्या भागातलं सांगायलास तू, कँगवालं, २०१७ चं. मामा पहिला भाग खेळायलेत, त्यात न्यूयॉर्क आहे आणि वर ते हेलिकॅरिअर, उडतं जहाज. मामा त्याचं ऐकून क्रोनोपोलिस शोधत बसू नका, जन्मात सापडणार नाही.

आता तुमचं बघू. तुम्ही म्हणता चार विटा कमी आहेत आणि तीन लेव्हलमधे मिनिकिट अपुरे. लेव्हलचे दहाही मिनिकिट झाले की एक वीट मिळते. म्हणजे चारातल्या तीन तर तिथंच गेल्या, खरं शोधायची एकच उरली. काहून घाबरता मग?

माझा अंदाज सांगू का, तुम्ही शहरभर फिरून फिरून थकलात पण लेव्हल निवडायची स्क्रीन नीट बघितली नाही. तिथं प्रत्येक लेव्हलसमोर दिसतं काय झालं काय राहिलं, मिनिकिट किती, ट्रू बिलिव्हर (लेव्हलमधे ठरलेली नाणी जमवणं) झालं का नाही, स्टॅन ली वाचला का. स्टॅन ली सगळे शहरात नसतात बरं का, १५ लेव्हलमधे प्रत्येकी एक असतो आणि बाकीचे ३५ बाहेर. वहीचं एक पान घ्या आणि पंधराच्या पंधरा लेव्हलचं लिहून काढा. भाच्यालाच बसवा लिहायला, अक्षर तरी सुधरंल.

दुसरं म्हणजे चार वेळा खेळलो म्हणता ते स्टोरीत का फ्री प्लेत (म्हणजे झालेली लेव्हल पाहिजे तो हीरो घेऊन परत खेळणं)? स्टोरीत दिलेलेच दोन-तीन हीरो असतात, त्यांच्यानं अर्धे मिनिकिट निघतच नाहीत, मुद्दाम तसंच ठेवलंय. फ्री प्लेत जा. आणि दिसंल ते फोडत जाऊ नका, वस्तू कशाची आहे ते बघा. चांदीसारखी चमकणारी असंल तर आयर्न मॅनचं रॉकेट लागतं, दुसऱ्या कशानं कितीबी मारा ओरखडा येत नाही. सोनेरी असंल तर तापवून वितळवावी लागते, ह्यूमन टॉर्च घ्या, बर्फाला पण तोच. हिरवं हँडल दिसलं की हल्क नाहीतर थिंग. नुसती बारीक जाळी आहे भिंतीत, तर मिस्टर फँटॅस्टिक, तो रबरासारखा आत घुसतो. लोखंडी मोठी वस्तू हलंना तर मॅग्नेटो. एखादा माणूस पलीकडं नुसताच उभा आहे आणि तुम्हाला तिकडं जाता येईना, तर जीन ग्रे घ्या, ती त्याच्या डोक्यात शिरून त्याच्याकडूनच काम करून घेते. आणि काहीच दिसंना अशी रिकामी भिंत असली तर स्पायडरमॅन, त्याला लपलेलं दिसतं.

माझं स्वतःचं दोन महिने अडलं होतं ते एका आकड्यापायी. काहीतरी फोडलं की कोपऱ्यात ३/५ असं येऊन जातं ना, मी समजायचो असंच काहीतरी असंल. तो आकडा म्हणजे तशा पाच वस्तू आहेत, पाचही फोडल्या की मिनिकिट. मी तीन फोडून पुढं जायचो. दर वेळी त्याच तीन.

दोन_लेकरांची_आई:
मी छत्रपती संभाजीनगरहून. नांदेडच्या दादांनी मुद्द्याचं सांगितलं आहे, मी फक्त राहिलेलं सांगते. टोकन उचललं म्हणजे कॅरेक्टर आपलं झालं असं नसतं मामा, कॅरेक्टरच्या पानावर जाऊन ते विकत पण घ्यावं लागतं, आमच्याकडे सहा-सात असेच पडून होते आणि मी टक्के का वाढत नाहीत म्हणून नकाशा चाळत बसलेले. गाड्यांचं पण तसंच बघून घ्या.

आणि एक, मिनिकिट हाती लागलं की पूर्ण लेव्हल संपवायची गरज नाही, सेव्ह करून बाहेर पडता येतं. पण नीट वाचून दाबा. माझ्या धाकट्यानं न सेव्ह करताच बाहेर काढलं, मग मोठा त्याला गेममधेच हल्क घेऊन बदडत होता, पाच मिनिटं आमच्या टीव्हीवर हल्क विरुद्ध स्पायडरमॅन, आणि नाणी सांडतात ती वेगळीच. शेवटी दोघांना स्क्रीनच्या दोन बाजू वाटून दिल्या, एक स्टॅच्यू ऑफ लिबर्टीकडे जाणार दुसरा हेलिकॅरिअरवर. स्क्रीन आपोआप दोन होते त्याचा एवढा फायदा मला तरी झाला.

गणिताचे_सर_परभणी:
पैशांचा विषय राहिला. लाल विटा त्या डेडपूलच्या मिशनमधून येतात, ती ११ आहेत, शहरात इकडंतिकडं इमारतींमधे, डेली ब्युगलमधे पण एक आहे, आणि सोन्याच्या विटा जशा वाढतात तशी उघडतात. तुमच्या २४६ झाल्यात म्हणजे सगळी उघडली असणारच. मिशनमधून वीट आणायची आणि हेलिकॅरिअरवर डेडपूलच्या खोलीत जाऊन ती विकत घ्यायची.

तिथं नाण्यांचे गुणक आहेत, २ पट, ४ पट, ६ पट, ८ पट, १० पट. माझे विद्यार्थी मला विचारतात सर सगळे चालू केले तर ३० पट का? नाही बाळांनो. बेरीज नाही, गुणाकार. २ गुणिले ४ आठ, आठ सक अठ्ठेचाळीस, त्याला ८ नं गुणा ३८४, आणि १० नं गुणलं की ३८४०. चांदीचं साधं नाणं १० चं असतं, ते पडलं ३८,४०० ला. सोन्याचं १०० चं, निळं १००० चं, जांभळं १०,००० चं, आता जांभळ्याचं तुम्ही करा, मी नाही करणार.

म्हणून महागडे दोन आत्ताच पाहिजेत हा हट्ट सोडा. स्वस्तातला आधी घ्या, तो चालू ठेवून एखादी लेव्हल खेळा, त्या पैशात पुढचा. आणि कॅरेक्टरची खरेदी सगळे गुणक आल्यावर, भाच्याला तेवढं समजावून सांगा (तो माझ्या शाळेतला नसावा एवढीच अपेक्षा). मिनिकिट डिटेक्टर पण घ्या, बाण दाखवतो. मी मात्र तो न घेता केलं, पण मला सुट्टीत दुसरं काम नव्हतं.

कुलर_बीड:
बरं माझं चुकलं, दुसराच भाग होता. पण सर जांभळं नाणं ३ कोटी ८४ लाख होतंय 😀

लातूरचा_मामा:
सगळ्यांचे आभार. अपडेट देतो, जरा मोठं होईल.

वहीत लिहून काढलं. नांदेडच्या दादांनी सांगितलं तेच निघालं, स्टॅन ली शेवटच्याच लेव्हलमधे राहिलाय, गॅलॅक्टसच्या. ती लेव्हल आम्ही एकदाच खेळलो, जिंकलो म्हणून नाचलो आणि परत कधी फिरकलोच नाही, आणि चौथी वीट पण तिथलीच, ट्रू बिलिव्हर झालेलं नव्हतं. शहरात आम्ही पंधरा दिवस छपरं हुडकत फिरायलो होतो.

पैशाचं सरांनी सांगितलं तसं केलं. पाचही गुणक चालू करून भाच्यानं पहिली बाकडी फोडली आणि आकडा बघून जॉयस्टिकच खाली ठेवली, म्हणला मामा आपण श्रीमंत झालो. डिटेक्टर घेतला. तीनातले दोन मिनिकिट एका दुपारीत निघाले. एक तर ते ३/५ वालंच होतं, दादा तुमच्या पायावर डोकं ठेवतो, आम्ही पण दर वेळी तेच तीन फोडायचो. दुसऱ्याला आयर्न मॅन लागला, चांदीचं होतं, आणि मी त्याला हल्कनं बुक्क्या मारत होतो.

मग चार वाजता आभाळ आलं, वारं सुटलं, आणि लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, वायरीवर चालतो तो. डाव्या कोपऱ्यात सेव्हचं चिन्ह फिरत होतं तेव्हाच गेली. दोन तास अंधारात बसून भाचा एकच विचारायला, मामा आपलं सगळं पुसलं असंल का. त्याच्यापेक्षा माझाच जीव खालीवर.

गोदाकाठ_नांदेड:
आणि?? मामा असं मधेच सोडू नका

लातूरचा_मामा:
वाचलं. रात्री साडेआठला आली लाईट. एकच मिनिकिट गेला, तो परत काढला.

दोन_लेकरांची_आई:
हुश्श. मामा सेव्हची फाईल रोज पेनड्राईव्हवर कॉपी करत जा, मी तसंच करते, आमच्याकडे पण वळवाचा पाऊस सुरू झाला की तासंतास गुल. आणि आभाळ दिसलं की नवी लेव्हल सुरूच करायची नाही.

गोदाकाठ_नांदेड:
स्टॅन ली पन्नास झाले की स्वतः तोच खेळायला मिळतो, सांगितलं नव्हतं मुद्दाम. जाळं फेकतो, हल्कसारखा फुगतो पण. २०१८ ला वारला बिचारा, ९५ वर्षाचा होता. भाच्याला बघू द्या आधी काय करतो तो.

लातूरचा_मामा:
आता कुठं आहोत ते सांगतो. शेवटची लेव्हल झाली, स्टॅन ली ५० झाले, विटा २४९. उरलाय एक मिनिकिट. बाण कुठं जातोय ते पण कळलंय, जीन ग्रे घेऊन दोन मिनिटाचं काम आहे.

पण काल सकाळीच ताई येऊन घेऊन गेली त्याला, तीन दिवस आधी. एसटीच्या खिडकीतून ओरडून सांगितलं त्यानं, मामा तू एकट्यानं करायचं नाही, दिवाळीला येतो मी. म्हणून लॅपटॉप तसाच ठेवलाय. मित्र जॉयस्टिक परत मागायलाय, त्याला काय सांगू तेवढं सांगा कुणीतरी.