विश्व दुसऱ्यांदा धूसर का झालं नाही?

कळव्याच्या बाई:
मी कळव्यात नववी-दहावीला विज्ञान शिकवते. शनिवारी जादा तासाला सांगत होते की महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी इलेक्ट्रॉन-प्रोटॉन जुळले, हायड्रोजनचे अणू झाले आणि प्रकाशाची वाट मोकळी झाली. पुढे पहिल्या तारे-दीर्घिकांच्या अतिनील किरणांनी ते अणू पुन्हा फोडले. हे पुनर्आयनीकरण, विश्व साधारण १०० कोटी वर्षांचं होईतो उरकलं. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "बाई, मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे आधी प्रकाश अडत होता ना? मग ते परत मोकळे झाल्यावर परत का नाही अडला?"

मला उत्तर आलं नाही. सोमवारी सांगते म्हटलं, आणि ती विसरणारी नाही. शिवाय अणू पुन्हा फोडण्याचं काम अंधुक, लहान दीर्घिकांनी केलं असं वाचते. इतक्या दूरच्या त्या दिसल्या तरी कशा?

ऐरोलीकर:
पोरीला शाबासकी द्या! इलेक्ट्रॉन तेवढेच, पण दरम्यान विश्व प्रत्येक दिशेला शंभरपटीहून जास्त ताणलं गेलं, म्हणजे घनता दहा लाखपटीहूनही खाली आली. सकाळी साडेआठला ठाणे स्टेशनच्या पुलावर धक्का खाल्ल्याशिवाय पाऊल पडत नाही. तीच माणसं खारघरच्या सेंट्रल पार्कात सोडा, कोण कोणाला आपटतंय? तरी प्रकाश अजिबात अडला नाही असं नाही. प्लँक उपग्रहाच्या मोजणीनुसार तेव्हा वाट मोकळी झालेल्या त्या पहिल्या प्रकाशाचे, म्हणजे पार्श्वप्रारणाचे, १०० पैकी साधारण ५ फोटॉन (प्रकाशकण) या इलेक्ट्रॉनांवर आदळून विखुरले.

येऊरचा वारा:
अंधुक दीर्घिकांबद्दल सांगतो. अबेल २७४४ हा दीर्घिकासमूह सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर आहे. त्याच्या गुरुत्वाकर्षणाने मागचा प्रकाश वळतो आणि भिंगासारखा वाढतो. त्यातून जेम्स वेब दुर्बिणीने ८ अतिमंद दीर्घिकांचे वर्णपट घेतले. २०२४ मध्ये निकाल छापून आला: आयनीकरण करणारे किरण त्या पूर्वीच्या अंदाजाच्या जवळपास चौपट तयार करतात. मग त्यातले ५ टक्के बाहेर निसटले तरी पुरे, कारण अशा दीर्घिकांची संख्याच प्रचंड. फक्त आठांवरून सगळ्या विश्वाचा निवाडा करणं मला घाईचं वाटतं, पण दिशा पटते.

ती गळती इतक्या दुरून थेट मोजता येत नाही, वाटेतला वायू ते किरण गिळतो. म्हणून जवळच्या दीर्घिका तपासतात. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील कनक साहा यांच्या गटाने २०२० मध्ये आपल्या भारताच्या उपग्रहाने, म्हणजे अ‍ॅस्ट्रोसॅटने ९३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेतून निसटलेले असे किरण टिपले. हे वर्गात जरूर सांगा.

कळव्याच्या बाई:
आज दोन्ही सांगितलं. स्टेशनचा पूल सगळ्यांना लगेच कळला. पण तिने विचारलं, "१०० पैकी ५ हे मोजलं कसं?"

ऐरोलीकर:
ध्रुवीकरणावरून. विखुरलेल्या प्रकाशाची कंपनं एका दिशेला झुकतात, आणि प्लँकने आकाशभर पसरलेला तो ठसा मोजला. पावसाळा सरला की मुलांना पोलरॉइड गॉगल घेऊन पारसिकच्या टेकडीवर न्या. सूर्याकडे मुळीच न बघता, त्याच्यापासून काटकोनात असलेल्या निळ्या आकाशाकडे बघत काच फिरवायला सांगा. आकाश गडद-फिकट होताना तिचं तिलाच दिसेल.