‘इच्छामरण’, ‘दयामरण’ की ‘झोपवणं’?

आमची लॅब्रेडॉर कुत्री १३ वर्षांची. मागचे पाय गेलेत, गाठ पसरलीय. काल दवाखान्यात तिला इंजेक्शन देऊन मरण देण्याच्या संमतीचा कागद पुढे आला, त्यावर छापलेलं ‘इच्छामरण’. इच्छा कुणाची? सही न करताच तिला घरी आणलं. डॉक्टर ‘झोपवू या’ म्हणत होते. आठ वर्षांच्या मुलीला कोणत्या शब्दात सांगू?

• ‘इच्छामरण’ नकोच. ते भीष्मांचं, ज्याची इच्छा त्याचंच मरण. वर्षानुवर्षं निश्चेष्ट पडून असलेल्या नर्स अरुणा शानबाग यांच्याबद्दल २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, तेव्हाही वर्तमानपत्रांत ‘इच्छामरण’ आणि ‘दयामरण’ यांची सरमिसळ झाली, ती अजून निस्तरलेली नाही. ‘दयामरणा’त दया करणारा वेगळा आणि मरणारा वेगळा, निर्णय आपला आहे हे त्यात लपत नाही. आणि ‘झोपवणं’ मुलांपुढे तर अजिबात नको. आपल्याकडे बाळाला झोपवतात, ते सकाळी उठतं. ती वाट बघत बसेल, नाहीतर स्वतः झोपायला घाबरेल. ‘मरण’ म्हणा, जवळ घेऊन म्हणा.

• साबरमती आश्रमात १९२८ साली एका वासराला कूस बदलता येईना, अन्न जाईना. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा गांधीजींनी त्याला इंजेक्शन देववलं. केवढं काहूर उठलं! शल्यवैद्य सुरी चालवतो ती हिंसा नव्हे, तसंच हेही, असं त्यांचं म्हणणं. भांडण ‘हिंसा’ या शब्दाच्या अर्थावरूनच होतं.

• वेळ झाली हे कधी समजायचं, यासाठी आमच्या गावाकडचा एक शब्द देते: ‘उठवणीला येणं’. बसलेलं जनावर चौघांनी धरून उठवावं लागतं, ती अवस्था. पण आजी तेवढ्यावर आशा सोडत नसे. हिरवा चारा मिळाला की असा बैल पुन्हा उभा राहिलेला तिने पाहिला होता. वैरणीवरून तोंड फिरवलं की मात्र ती गप्प व्हायची. तुमच्या कुत्रीचं नुसतं पायांवरून ठरवू नका. वेदना औषधाने आवरतात का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. ती खाते का, माणूस आलं की मान उचलते का, ते रोज बघा.

• सगळ्यांचे आभार. औषध वाढवून चार दिवस पाहिलं. आज सकाळी भाकरीची ताटली वाजवली. कान हलला, मान उचलली नाही. लेकीला ‘मरण’ हाच शब्द सांगितला. तिने विचारलं, “दुखेल का?” “सुई टोचेल तेवढंच.” कागदावरचं ‘इच्छा’ खोडून वर ‘दया’ लिहिलं, मग सही केली.