इंजिनिअरिंगची फी माफ झाली, पण आठवीनंतर पोरीनं शाळेत जायचं कसं?

डोंगरातली आशाताई

नमस्कार सगळ्यांना. मी बीड जिल्ह्यात आशा (गावातली आरोग्य कार्यकर्ती) म्हणून काम करते, गाव धारूरकडं बालाघाटाच्या डोंगरात हाय. लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

जुलै 2024 ला सरकारनं जीआर काढला, घरचं उत्पन्न 8 लाखाच्या आत असलं तर ओबीसी, मराठा, ईडब्ल्यूएसच्या पोरींची इंजिनिअरिंग, फार्मसी असल्या कोर्सची ट्युशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ, आधी ती निम्मी माफ होती. निर्णय चांगलाच हाय. पण माझ्या गावात त्याचा फायदा घ्यायला एक पण पोरगी नाही, कारण बारावीपर्यंत पोचलीच नाही कुणी.

आमच्याकडं झेडपीची शाळा सातवीपर्यंत, हायस्कूल 7 किलोमीटरवर. शाळा सुटते 5 ला. आमच्या गावाकडं येणारी एसटी हायस्कूलच्या फाट्यावरून 4:40 ला निघून जाते आणि मग पुढची सव्वासहाला, तीबी आली तर. थंडीत सहाला अंधार पडतो. मी स्वतः बघितलंय, पाच पोरी पुलाच्या कठड्यावर दप्तरं मांडीवर घेऊन एकमेकीला चिकटून बसलेल्या, समोर टपरी, टपरीवर पोरं. त्यातल्या एकीचा बाप चार दिवस मोटरसायकलवर आणायला गेला, पाचव्या दिवशी म्हणला बास झालं. मजुरी सोडून रोज कोण जाईल ओ. मग दिवाळीत पाहुणे आले आणि विषय संपला.

माझी पण शाळा आठवीतच सुटली, सोळाव्या वर्षी लग्न. दहावी मी 17 नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे बाहेरून, 31 व्या वर्षी दिली, पोरगं पाचवीत होतं तेव्हा.

माझं म्हणणं एवढंच की फी माफीच्या आधी नववी ते बारावीची जबाबदारी घ्या. आरटीईचा, म्हणजे मोफत शिक्षणाच्या हक्काचा कायदा 6 ते 14 वयाला, म्हणजे आठवीला संपला. ऊसतोडवाल्यांच्या लेकरांचं हंगामी वसतिगृह पण तेवढ्याच वयाला. म्हणजे ज्या वर्षी घरचे स्थळं बघायला लागतात नेमका त्याच वर्षी सरकारचा हात सुटतो. बस आणि वसतिगृह या दोन गोष्टी आधी, बाकीचं नंतर. तुमचं काय म्हणणं?

लातूरकर आई

ताई तुमचं दुःख कळतंय पण फी माफीला मागं ढकलू नका. माझी मुलगी आत्ता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या पाठीवर दोन भाऊ. आमच्या घरात सरळ हिशोब ठरलेला होता, पैसा जेवढा आहे तेवढा पोरांच्या क्लासला, तिला बीए करू आणि बघू स्थळ. मालकांनी तसं बोलूनही दाखवलं होतं जेवताना, तिच्यासमोर. फी माफ झाली म्हणून ते गप्प बसले, नाहीतर मी एकटी काय करणार होते. आणि तिला बघून आमच्या गल्लीतल्या दोन घरांनी मुलींना अकरावी सायन्सला घातलं. पुढं काहीतरी मिळणार आहे हे दिसल्याशिवाय कुठलाच बाप आठवीतल्या पोरीवर खर्च करत नाही. म्हणून मी म्हणते आधी वरचंच सोडवलं ते बरोबर केलं.

चार एकर सोयाबीन

दोघीबी बापाला धरूनच बोलायलेत. मी जालन्याकडला, दोन पोरीचा बाप हाय. 2024 ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 होता, आमच्या अडतीवर 4 हजाराच्या आसपास गेलं, त्याच्यात बियाणं, फवारणी, काढणी काढा आन सांगा काय उरलं. पोरगी बारावी झाली की तिला बारावीच्या पुढचा नवरा लागतो, आन त्या नवऱ्याचा भाव वेगळा, हे कुणी लिहिना. दहावी पोरीला दोन लाखात उरकतंय तिथं डिग्रीवालीला सात-आठ मागतेत. मग बापानं करावं काय? शिकवून घरी बसवायची? एमआयडीसी शेंद्र्याला, वाळूजला, आमच्या गावापासून दीड-दोन तास. पोरीला तिथं खोली करून कोण ठेवणार? आधी तालुक्याला कामधंदा आना, मग बस मागा. पोरगी 12 हजार कमवायला लागली की बाप आपोआप थांबतो लग्नाचं.

डोंगरातली आशाताई

दादा मी बापाला शिव्या दिल्या नाहीत, माझा बाप पण तुमच्यासारखाच होता आणि त्यानं जीव तोडून केलं आमचं. पण लवकर उरकून पैसे वाचतेत हे मला पटत नाही. आमच्या भागातली सोळा-सतराची पोरगी लग्न झालं की नवऱ्यासोबत नवा कोयता (ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी) म्हणून लागते, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, जोडीच्या नावानं येते. विशीच्या आत दोन लेकरं. उसाच्या फडावर संडास नाही, पाणी नाही, पाळीत पण मोळ्या उचलायच्या, खाडा पडला की दंड. मग पोटात दुखतंय, अंगावरून जातंय म्हणून दवाखाने, आणि तिशीच्या आत गर्भपिशवी काढलेली. 2019 ला हा विषय गाजला तेव्हा सरकारला समिती नेमावी लागली होती. माझ्या रजिस्टरला असल्या बाया हायत, त्यांच्या औषधाला जे गेलं ते लग्नात वाचलेल्या पैशापेक्षा जास्तच हाय. हे मी पुस्तकातलं नाही सांगत, त्यांच्या घरात बसून चिठ्ठ्या बघितल्यात.

कामधंदा पाहिजे हे खरंच हाय. पण दहावी नापास पोरीला तुमच्या एमआयडीसीत तरी कोण घेणार?

कोयत्याचं लेकरू

ताई मी तुमच्याच जिल्ह्यातला, आता पुण्यात नोकरी करतो. तुमचं बसवालं मला पटलं नाही, सॉरी. आमच्या घरात बसचा प्रश्नच आला नाही. दसरा झाला की आई पत्र्याची पेटी भरायची, ज्वारी, तवा, गोधड्या, आणि टोळीचा ट्रक पहाटे गावातून निघायचा. मी मामाकडं राहायचो. बहीण मात्र जायची सोबत. कारण विचारलं तर आई म्हणायची पोरीला कुणाच्या भरवशावर टाकू. आज्जी असती तर ठेवलं असतं. तिथं कोपीत (पाचटाच्या झोपडीत) ती पहाटे चारला उठून भाकरी करायची, लहान्याला सांभाळायची, संध्याकाळी गाडी भरून झाली की वाढे (उसाचे शेंडे) बांधायची. मार्चला-एप्रिलला गावात यायची तोपर्यंत परीक्षा आलेली. सातवीला तिचं नाव हजेरीला होतं, ती नव्हती. माझ्यापेक्षा तिचं गणित चांगलं होतं, हे मी आजपर्यंत घरात कधी बोललो नाही, इथं पहिल्यांदा लिहितोय.

2021 ला संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी 41 तालुक्यात 82 वसतिगृहं मंजूर झाली, निम्मी मुलींची. तेच खरं औषध आहे. पण आईबापाला त्यातली बाई माणूस दिसायला पाहिजे, रात्री तिथंच झोपणारी वॉर्डन, कंपाउंड, दाराला आतून कडी. आई तेवढं बघते, जेवणात भाजी काय आहे ते नंतर. बसवर पैसा घालण्यापेक्षा सगळा पैसा वसतिगृहावर घाला असं माझं मत.

हिंगोलीचे गुरुजी

थोडं वेगळं मांडतो, राग नका मानू. 2023 ला सरकारनं 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं काढलं तेव्हा सगळीकडं विरोध झाला, शाळा बंद पाडायलेत म्हणून. मी 9 वर्षं असल्याच शाळेवर होतो. पट 13. दोन शिक्षक, त्यातला एक कायम ऑनलाइन माहिती भरण्यात नाहीतर मीटिंगला. तिसरीत एक मुलगी होती, अख्ख्या वर्गात ती एकटी. खेळायला कोणी नाही, वाचून दाखवायला कोणी नाही, तिला मी चौथीच्या पोरांत बसवायचो आणि ती गप्पच राहायची. पुढं पाचवीला ती मोठ्या शाळेत गेली तर पहिल्या महिन्यातच तिला कळलं की आपल्याला भागाकार येत नाही, आणि ती यायचीच बंद झाली. म्हणजे आठवीत सुटणारी मुलगी खरं तर तिसरीत सुटलेली असते. चांगली एक शाळा करा, सगळ्या विषयाला शिक्षक द्या, मुलींसाठी गाडी द्या. शाळा दारात पाहिजे हा हट्ट आपण सोडायला पाहिजे.

डोंगरातली आशाताई

गुरुजी भागाकाराचं पटलं. आमच्या सातवीच्या पोरींना माझं वजनाचं कार्ड वाचता येत नाही काही काही, हे मी बघितलंय. पण गाडी द्या हे तुम्ही एका ओळीत लिहिलं, अडकतंय तिथंच ना. पावसाळ्यात आमच्या ओढ्याला पाणी आलं की मोटरसायकल पण येत नाही, सहा वर्षाची पोरगी कशी जाणार? आधी गाडी वर्षभर चालवून दाखवा, मग शाळा हलवा. शाळा बंद व्हायला एक कागद लागतो, बस सुरू व्हायला मात्र वर्षं जातेत.

आणि पुण्यातल्या दादा, तुमच्या बहिणीचं वाचून मी थांबले थोडा वेळ. वसतिगृह पाहिजेच. पण माझ्या गावातले निम्मे लोक आता कारखान्याला जात नाहीत, शेतमजुरी, बांधकाम. त्यांच्या पोरी वसतिगृहात बसत नाहीत, त्यांना बसच लागते.

सरपंच बाई, परभणी

मी महिला राखीव जागेवर निवडून आले, दुसरी टर्म आहे. आपल्याकडे कोणी आकडा टाकला नाही म्हणून टाकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण 2019-21, 20 ते 24 वयाच्या बायकांत 18 च्या आत लग्न झालेल्या किती, तर महाराष्ट्रात 21.9 टक्के, बीडला 43.7 आणि आमच्या परभणीला 48. जवळजवळ निम्म्या. हे गाळात अडकलेलं गाडं नुसत्या बसनं निघणार नाही.

मी एक लग्न थांबवलं होतं. नववीतली मुलगी, हळद लागलेली, मांडवात पोलीस नेले, ग्रामसेवक (गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात), अंगणवाडी सेविका, सगळे. वडिलांनी लिहून दिलं. फोटो पण आला पेपरला. त्यानंतर कुणी विचारलं नाही की ती मुलगी सोमवारी शाळेत गेली का. नाही गेली. हळद लागलेली पोरगी म्हणून वर्गात चिडवतील, म्हणून घरातच. सहा महिन्यांनी मावशीच्या गावी पहाटे पाच जणांत लग्न लावलं. मी त्या रात्री 1098 ला (मुलांच्या हेल्पलाइनला) फोन लावायच्या ऐवजी तिला दुसऱ्या दिवशी उचलून वसतिगृहात नेऊन ठेवली असती तर, असं मला अजून वाटतं. तर माझं मत असं की कायदा आधी. बापाला भीती पाहिजे. ज्या घरात लग्न लपवून लावलं त्यांच्यावर गुन्हा, भटजीवर, मंडपवाल्यावर, फोटोवाल्यावर. नुसतं समजावून आम्ही थकलो.

चार एकर सोयाबीन

सरपंच मॅडम, गुन्हा दाखल करून बाप जेलात गेला तर त्या पोरीला कोण सांभाळील? आमच्याकडं भीतीनं फक्त लग्नाची जागा बदलती, तुमीच वर लिवलंय मावशीच्या गावाचं.

लातूरकर आई

मला दादांचं हे पटतंय. आणि एक जुनी गोष्ट. पुण्यात सावित्रीबाईंनी 1848 ला मुलींना शिकवायला सुरुवात केली, आपला मराठवाडा निजामातून सुटला 17 सप्टेंबर 1948 ला, शंभर वर्षं मागं. माझी आज्जी अंगठा उठवायची, आई चौथी, मी बारावी, मुलगी इंजिनिअर होईल. चार पिढ्या लागल्या. पोलिसांनी हे झालं नाही, प्रत्येक वेळी घरातल्या एका बाईनं हट्ट धरला म्हणून झालं.

कोयत्याचं लेकरू

काकू, सगळ्या घरात हट्ट धरणारी बाई पाच महिने फडावर असते. निजामाला जाऊन पंचाहत्तरच्या वर वर्षं झाली, आता तरी ते कारण नको.

डोंगरातली आशाताई

लातूरच्या ताई, फी माफी काढा असं मी कुठंच म्हणलं नाही, पण वर "नंतर" लिहिलं ते चुकलं माझं. तुमच्या घरात जेवताना ते बोलणं झालं आणि पोरीनं ऐकलं, हे वाचून माझं मत बदललं, दोन्ही सोबत पाहिजे.

सरपंच ताईंचं मात्र अजून पटत नाही. बारा-तेरा वर्षं घरोघर फिरते, ज्या पोरी शाळेत जातेत त्यांच्या घरी पाहुणे उशिरा येतेत, कुणाला भीती दाखवावी लागत नाही. घरी बसली की महिन्यात पहिलं स्थळ. ऑक्टोबर 2021 ते एप्रिल 2022 एसटीचा संप झाला बघा, कोरोनानंतर शाळा नुकत्याच उघडलेल्या आणि गाडीच बंद. त्या एका हंगामात आमच्या तीन वस्त्यांवरच्या आठ पोरींची लग्नं झाली. आईबाप तेच, कायदा तोच, फक्त गाडी नव्हती.

चार एकर सोयाबीन

हे संपाचं खरं हाय. आमच्या भावकीतली बी एक त्यातलीच.

मानव विकासची निळी बस तुमच्याकडं येत नाही का? आमच्या तालुक्यात हाय, पोरीला फुकट.

डोंगरातली आशाताई

येते दादा, 4:40 ची तीच तर हाय. शाळा सुटायच्या आधी निघून जाते. म्हणून आम्ही बायांनी आता गाडी मागायची सोडून वेळ मागितलाय, 5:15 करा. आगारात गेलो होतो मागच्या महिन्यात, म्हणले एकट्या गावाचं ऐकून वेळ बदलत नाही, रूटवरच्या सगळ्या गावांचं एकत्र आणा. मग हेडमास्तरांकडून पत्र घेतलं, त्यात कुठल्या गावच्या किती पोरी, कितवीला, शाळा कितीला सुटते ते शिक्क्यासकट, आणि चार ग्रामपंचायतीचे ठराव लावायचेत. तीन झालेत. चौथ्या गावचे सरपंच म्हणायलेत की त्यांच्या गावची एकच पोरगी जाते, एकीसाठी ठराव कशाला.

सरपंच बाई, परभणी

त्या सरपंचाचा नंबर मला मेसेज करा. मी बोलते त्यांच्याशी.

चार एकर सोयाबीन

ताई ते हेडमास्तरचं पत्र कसं लिहिलं त्याचा फोटो टाका, शाळेचं नाव झाकून. माझी धाकटी जूनला आठवीत जाईल.