मदत हवी आहे : परतीच्या पावसातला वारा कसा ओळखायचा?

नमस्कार मंडळी. कामशेतला पॅराग्लायडिंगचा प्राथमिक कोर्स झालाय. सुट्टीला बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या माळावर, राजहंसगड समोर ठेवून, फक्त जमिनीवर ग्लायडर (कापडी पंख) हाताळायचा सराव करतो. सांबऱ्याचा विमानतळ आहे, त्यामुळे परवानगीशिवाय उडणार नाही.

अडचण वाऱ्याची. परवा दुपारी तीनला पश्चिमेचा वारा ताशी 12 किमी, एकसारखा. पूर्वेला काळा ढग उभा राहिला होता, पण लांब वाटला. एकाएकी कुसळाचं गवत उलट्या दिशेला आडवं झालं, कापड भरलं आणि मला चार पावलं फरफटत नेलं. कोपर सोललं. ग्लायडरचा हवेतला वेगच ताशी 35 किमीच्या आसपास, समोरचा वारा त्याहून जोराचा आला तर मागेच ढकलला जाणार. हवेत असतो तर?

जाणकारांनो, असा ढग किती लांब असताना आवरतं घेता? आणि या दिवसांत सकाळी किती वाजेपर्यंत भरवसा धरावा?