शब्दचर्चा: अद्भुतकथेतल्या राजाचा दत्तक, मानसपुत्र की नुसताच वारस?

लेखणीदऊत: एका अद्भुतरम्य कादंबरीच्या मलपृष्ठासाठी ओळ हवी आहे. कच्चा मसुदा असा: "थंड, सत्तेचा भुकेला राजा आणि त्याचा कर्तव्यदक्ष दत्तक वारसदार." कथा थोडक्यात अशी. राजाला मूल नाही. तो एका मांडलिक सरदाराचा आठ वर्षांचा मुलगा घेतो आणि त्याला गादीसाठी तयार करतो. मुलगा राजाच्या शब्दाबाहेर जात नाही. बारा वर्षांनी राजाला स्वतःचा मुलगा होतो आणि तिथून पेच सुरू होतो. मसुद्यातला प्रत्येक शब्द कुठेतरी खटकतो आहे, पण नेमकं काय खटकतं ते सांगता येत नाही.

तिरकस: 'थंड'पासूनच सुरुवात करा. थंड माणूस म्हणजे काम सांगितल्यावर उठायला अर्धा तास लावणारा. "त्याचा कारभार फार थंड आहे" ही मंदपणाची तक्रार झाली, क्रौर्याची नव्हे. क्रियाविशेषण केलं की मात्र तोच शब्द चालतो: "राजा थंडपणे म्हणाला", "थंड डोक्याने केलेला खून". माणसाला विशेषण म्हणून लावू नका. 'शीतल' तर त्याहून वाईट, कारण तो सुखद शब्द आहे. चांदणं शीतल असतं, राजा नसावा.

'निर्मम' हाही जपून वापरा. गीतेच्या बाराव्या अध्यायात "निर्ममो निरहंकारः" हे भक्ताचं लक्षण म्हणून येतं. 'माझं' हा भाव सुटलेला, असा त्याचा अर्थ. क्रूर या अर्थाने तो हल्ली दिसतो, पण मुरलेल्या वाचकाला राजा साधू वाटेल.

मी 'कोरडा' घेईन. "कोरडा माणूस" म्हटलं की ओलावा नसणं आपोआप कळतं, आणि त्यात आरडाओरडा किंवा हिंसा येत नाही. तुमचा राजा डाव मनात ठेवून खेळणारा असेल तर 'आतल्या गाठीचा', आणि कारस्थानं करणारा असेल तर 'पाताळयंत्री'. 'निष्ठुर' आणि 'पाषाणहृदयी' तेव्हाच, जेव्हा पानावर एखादी निष्ठुर कृती खरोखर घडते.

लेखणीदऊत: आणि 'सत्तेचा भुकेला'? 'सत्तापिपासू' कसं वाटतं?

तिरकस: 'सत्तापिपासू' आणि 'सत्तालोलुप' हे दोन्ही अग्रलेखांनी झिजवलेत. वाचकाला राजवाडा न दिसता निवडणुकीची सभा दिसते. 'सत्तांध' वेगळा: सत्ता हातात आल्यावर डोळ्यांवर आलेली झापड. मिळवण्याची धडपड त्यात नाही. 'राज्यलोभी' म्हणजे मुलूख वाढवण्याची हाव. 'हपापलेला' इथे बसतच नाही, कारण हपापलेपण चेहऱ्यावर दिसतं आणि तुमच्या राजाच्या चेहऱ्यावर काहीच दिसायला नको आहे. दोन विशेषणं शेजारी बसवण्याऐवजी एकच वाक्यांश करा: "सत्तेपलीकडे कशाचीच ओढ नसलेला राजा". कोरडेपणा आणि हाव दोन्ही त्यात येतात.

मोडीवाचक: 'दत्तक वारसदार' हा खरा गुंता आहे. दत्तक घेतला जातो मुलगा. तो वारस होतो हा त्याचा परिणाम, आणि तो प्रत्येक वेळी होतोच असं नाही. झाशीचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं, पण त्यातला हा बारकावा निसटतो. गंगाधररावांनी 20 नोव्हेंबर 1853 रोजी आनंदराव या मुलाला दत्तक घेऊन दामोदरराव नाव ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी ते वारले. कंपनी सरकारने मुलाचा खाजगी मालमत्तेवरचा हक्क मान्य केला, गादीवरचा नाकारला, आणि 1854 मध्ये संस्थान खालसा झालं. म्हणजे एकच मुलगा मालमत्तेचा वारस आहे आणि राज्याचा नाही. ब्रह्मावर्तात (कानपूरजवळच्या बिठूरला) दुसऱ्या बाजीरावांनी 1827 मध्ये धोंडोपंतांना, म्हणजे नानासाहेबांना, दत्तक घेतलं. 1851 मध्ये बाजीराव वारल्यावर सालीना आठ लाखांचं पेन्शन दत्तकाकडे आलं नाही.

तेव्हा कादंबरीत तीन घटना वेगळ्या ठेवा आणि प्रत्येकीचा शब्दही वेगळा ठेवा:

दत्तविधान. मुलाला मांडीवर घेतलं, तो त्या घरचा झाला. शब्द 'दत्तक', 'दत्तपुत्र'.

यौवराज्याभिषेक. भर दरबारात तो पुढचा राजा म्हणून जाहीर झाला. 'युवराज' इथून पुढे. त्याआधी तो फार तर 'राजपुत्र'. 1674 मध्ये रायगडावर राज्याभिषेकाच्या वेळी संभाजीराजे युवराज म्हणून होते, ते औरस (पोटचे) आणि थोरले असूनही. नुसत्या जन्माने युवराज होत नाही.

राज्यारोहण. तेव्हा तो राजा.

मलपृष्ठावर 'दत्तक वारसदार' लिहून तिन्ही घटना एका फटक्यात उरकल्या, तर मधल्या बारा वर्षांत मुलाचा दर्जा नेमका काय होता हे वाचकाला कळणार नाही. आणि तुमचा पेच तर तिथेच आहे.

लेखणीदऊत: मग 'मानसपुत्र'? तो जास्त हळवा वाटतो.

मोडीवाचक: हळवा आहे, पण त्याने गादी मिळत नाही. 1707 मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटून येताना संभाजीराजांचे पुत्र शाहू महाराज यांनी पारदच्या लोखंडे पाटलांचा मुलगा जवळ घेतला, फत्तेसिंह भोसले नाव दिलं आणि पोटच्या पोरासारखा वाढवला. त्याला अक्कलकोट मिळालं, साताऱ्याची गादी नाही. गादीसाठी ताराबाईंनी आपला नातू म्हणून रामराजाला पुढे आणलं. तो 1750 मध्ये छत्रपती झाला आणि पुढे त्याच ताराबाईंनी त्याला तोतया ठरवलं. 'तोतया' हा शब्द तुमच्या विरोधी गटाच्या तोंडी आयता बसेल. दत्तकावर तो खरं तर लागू होत नाही, कारण तोतया म्हणजे दुसऱ्याच्या नावाने वावरणारा, पण दरबारी कुजबुजीला तेवढं भान कुठे असतं.

शिवाय आजच्या बातम्यांत मानसपुत्र म्हणजे पुढाऱ्याने हाताशी धरलेला कार्यकर्ता. तो वास कादंबरीत येऊ देऊ नका.

व्यवहारमयूर: आणखी चार शब्दांत गल्लत होते, ती आधी निस्तरू.

'सावत्र मुलगा' म्हणजे नवऱ्याचा किंवा बायकोचा आधीच्या लग्नातला. दत्तकाशी संबंध नाही. अनुवादांत ही चूक सर्रास आढळते.

'पाळलेला मुलगा' लिहू नका, पाळतात ती जनावरं. 'वाढवलेला' किंवा 'सांभाळलेला' म्हणा. तत्सम हवा असेल तर 'पालित'.

'वंशज' म्हणजे वंशात जन्मलेला. दत्तक वंश चालवतो, पण वंशज शब्दावरून विरोधक त्याला टोचू शकतात.

'दत्तक वडील' बोलण्यात चालतं, पण लिहिताना वडीलच दत्तक घेतल्यासारखं वाटतं. जुनी सोय चांगली आहे: जन्म दिला तो 'जनक पिता', त्याचं 'जनक घराणं', आणि मुलगा तिथून इकडे 'दत्तक गेला'. क्रियापदांकडेही लक्ष द्या. राजा दत्तक घेतो, सरदार दत्तक देतो, मुलगा दत्तक जातो. "गादीला दत्तक घेतला" हा प्रयोगही रूढ आहे आणि तुमच्या कथेला तोच सर्वांत चपखल आहे, कारण राजाला मुलगा नको, गादीला माणूस हवा आहे.

आता पेचाबद्दल. वसिष्ठ धर्मसूत्रात दत्तविधानाचे नियम थोडक्यात आहेत. आप्तांना बोलावावं, राजाला कळवावं, घराच्या मध्यभागी व्याहृतींनी ('भूः, भुवः, स्वः' या उच्चारांनी) होम करावा आणि मूल स्वीकारावं. एकुलता एक मुलगा देऊ नये आणि घेऊही नये. दत्तक घेतल्यानंतर औरस पुत्र झाला तर दत्तकाला चौथा भाग. मालमत्तेला हे गणित चालतं. गादीचे चार भाग होत नाहीत, म्हणून तिथे घराण्याचा रिवाज आणि फौजेचा कल यांवर निकाल लागतो. तुमच्या सरदाराला तो एकुलता एक मुलगा असेल तर दत्तविधानच सदोष ठरवायला विरोधकांना बारा वर्षांनीही जागा आहे. हे वापरा.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात आहे की दत्तक मुलाचं जनकाचं गोत्र आणि जनकाची मालमत्ता दोन्ही सुटतात. म्हणजे औरसाच्या जन्मानंतर तुमचा नायक ना इकडचा ना तिकडचा. याला अपवाद 'द्व्यामुष्यायण', दोन्ही बापांचा मुलगा, जो देताना-घेताना तसा करार झाला तरच होतो. कथानकात करार ठेवा हवा तर, शब्द मात्र पानावर आणू नका, वाचक तिथेच पुस्तक मिटेल.

तिरकस: मनूची बारा पुत्रांची यादी म्हणजे अद्भुतकथा लिहिणाऱ्यांसाठी खजिनाच आहे. आईबापांनी टाकलेला, दुसऱ्याने उचललेला तो 'अपविद्ध'. विकत घेतलेला तो 'क्रीत'. स्वतःहून येऊन "मी तुमचा" म्हणणारा तो 'स्वयंदत्त'. गुणदोष कळण्याइतका जाणता, म्हणून निवडून केलेला तो 'कृत्रिम'. यांतला अपविद्ध वारसांत मोडतो, स्वयंदत्त मोडत नाही. टाकलेल्याला हक्क आणि आपणहून आलेल्याला नाही, ही विषमता एका कादंबरीला पुरेल. 'कृत्रिम'चा अर्थ मात्र आज इतका बदललाय की "राजाचा कृत्रिम पुत्र" म्हटलं तर यंत्रमानव डोळ्यांपुढे येईल.

लेखणीदऊत: पण माझ्या जगात होम नाही, गोत्र नाही. बर्फाचे किल्ले आहेत, पंखवाले घोडे आहेत.

मोडीवाचक: मग दत्तहोम, गोत्र, व्याहृती हे शब्द टाळा, पण क्रियेचा सांगाडा ठेवा: साक्षीदार, जाहीर घोषणा, जुनं नाव पुसून नवं नाव देणं. नाव बदलणं हे आनंदरावचं दामोदरराव झालं त्यात आहे, कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव 1884 मध्ये कोल्हापूरला दत्तक जाऊन शाहू महाराज झाले त्यातही आहे. 'दत्तक' हा शब्द मात्र निर्धास्त ठेवा, आज तो कोणत्याही समाजाबद्दल वापरतात. 'युवराज'ही चालेल. जगाचा तोंडवळा फारसी ठेवला असेल तर 'वलीअहद' (युवराज) आणि 'शहजादा' (राजपुत्र) घ्या, पण मग तेच सगळीकडे. एका पानावर युवराज आणि पुढच्या पानावर वलीअहद असं नको.

तिरकस: 'कर्तव्यदक्ष' राहिला. तो शब्द पोलीस अधिकाऱ्यांच्या सत्काराला गेला, परत आला नाही. 'आज्ञाधारक' शाळेच्या अर्जाखाली असतो. 'इमानी' कुत्र्याला किंवा नोकराला. वीस वर्षांच्या राजपुत्राला 'पितृभक्त' चालेल, थोडा पौराणिक वाटला तरी. त्याहून साधं आणि बरं म्हणजे "राजाच्या शब्दाबाहेर नसलेला".

आणि एक फुकटचा सल्ला. राजाचा कोरडेपणा विशेषणांपेक्षा सर्वनामांतून लवकर पोचतो. दरबारात "युवराज, आपण उत्तरेकडे निघावं" हा रिवाज झाला. पण दालनात दोघंच असताना, मुलगा तापाने फणफणलेला असतानाही राजा 'आपण'च म्हणत राहिला, तर वाचकाला अंतर कळतं. मुलगा दरबारात 'महाराज' म्हणेल आणि एकांतात 'आबासाहेब', राजाने एकदाही त्यावर ओ दिलेली नसली तरी. राजा स्वतःला 'आम्ही' म्हणतो. औरस जन्मल्यावर तो त्या तान्ह्याला पहिल्यांदा 'तू' म्हणतो आणि दत्तक ते दारातून ऐकतो, एवढ्यावर प्रकरण उभं राहील. हे सर्वनामांचं कोष्टक लिहायला बसण्याआधीच करून ठेवा. कोण कुणाला, कुठे, कोणासमोर काय म्हणतो. मध्येच बदललं तर संपादकाला तीनशे पानांतली क्रियापदं दुरुस्त करावी लागतात.

लेखणीदऊत: मग ओळ अशी करतो: "सत्तेपलीकडे कशाचीच ओढ नसलेला राजा, आणि गादीला दत्तक घेतलेला, त्याच्या शब्दाबाहेर नसलेला युवराज."

व्यवहारमयूर: 'त्याच्या' कुणाच्या हे क्षणभर अडतं. "राजाच्या शब्दाबाहेर" करा, किंवा ते सरळ गाळून "गादीला दत्तक आलेला युवराज" एवढंच ठेवा. आज्ञाधारकपणा पहिल्या प्रकरणात दिसेलच.

लेखणीदऊत: गादी की सिंहासन? बर्फाच्या किल्ल्यात गादी म्हटल्यावर कापूस आठवतो.

मोडीवाचक: बसायची वस्तू दाखवायची तिथे सिंहासन, हक्क दाखवायचा तिथे गादी. "सिंहासनाला दत्तक" असं कुणी म्हणत नाही.