बॉयलर कोंबडी उन्हाळा काढेल का?

सेलूची_ताई
आमच्या शेजाऱ्यांचं कंपनीच्या कराराचं शेड आहे. मागच्या महिन्यात रात्री लॉट उचलला आणि सकाळी पडद्याच्या घोळात दोन पक्षी राहिलेले सापडले. एक लंगडत होता. माझा पाचवीतला लेक दोन्ही घरी घेऊन आला. ढवळी आणि चिमी.

ढवळी आता नऊ आठवड्यांची असेल. परवा किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली तर साडेतीन किलो! वसरीची एक पायरी तिला चढवत नाही. चार पावलं चालली की बसते, चोच उघडी टाकून धापा टाकते. छातीखालची पिसं जाऊन कातडी लाल झालीय. खाद्य दिसलं की मात्र भांडं रिकामं होईस्तोवर हलत नाही. लेकरू म्हणतं, आई तिला भूक लागलीय, अन् वाटीवर वाटी टाकतं. मीही अडवलं नाही, मुक्या जिवाला उपाशी कसं ठेवावं? शेडमधलंच फिनिशर, म्हणजे शेवटच्या दिवसांत वजन वाढवायला देतात ते खाद्य, चालू आहे.

वैशाख तोंडावर आलाय, घर पत्र्याचं. काय करू? कापायची नाही, हे घरात ठरलंय.

गोदाकाठ
ताई, ही जात पाळायची नाहीच. चाळीस दिवसांत दोन-सव्वादोन किलो व्हावी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवडून तयार केलेली. मांस ज्या वेगानं वाढतं त्या वेगानं हृदय अन् फुप्फुस वाढत नाही. लेकराला आत्ताच समजावून सांगा, पुढं जास्त रडेल.

औश्याचा_शेडवाला
गोदाकाठ दादांचं कारण बरोबर आहे, पण जगतच नाही असं नाही.

मी अकरा वर्षं शेड चालवलं. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चात कोंबडीनं करोना होतो अशी अफवा उठली अन् पक्षी फुकट न्यायला माणूस मिळेना. त्या लॉटमधल्या सहा माद्या मी घरी ठेवल्या. पहिल्या चार माझ्याच हातानं गेल्या, पोटभर खाऊ घालून. एक भांड्याकडं पळत आली, फडफडली अन् उताणी पडली, मिनिटभरात संपली. दुसऱ्या तिघींच्या पोटात पाणी झालं, तुरे काळेनिळे पडले.

मग ध्यानात आलं. हॅचरीसाठी (पिल्लं उबवायच्या केंद्रासाठी) अंडी देणाऱ्या यांच्याच आया साठ-पासष्ट आठवडे सांभाळतात. कशा? खाद्य मोजून देतात म्हणून. ताई, या जातीला पोट भरल्याचं कळतच नाही. ढवळीची भूक खरी आहे, पण तिच्या भुकेचं ऐकलं तर ती मरते. हे लेकराला नीट सांगा, वाटी त्याच्याच हातात द्या, फक्त मापाची.

फिनिशर बंद. अंड्याच्या कोंबडीच्या तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या पक्ष्यांना, देतात ते ग्रोअर आणा, त्यात प्रथिनं कमी असतात. एकदम तोडू नका, आठ-दहा दिवसांत उतरवत आणा. मी एका पक्ष्याला दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास देत होतो, दोन वेळात. वर लसूणघास, शेवग्याचा पाला, मेथीचे देठ टांगून ठेवायचे, म्हणजे तोंड चालू राहतं. खाद्य एका टोकाला अन् पाणी दुसऱ्या टोकाला ठेवा, तेवढं तरी चालणं होतं. दर रविवारी ताणकाट्यावर वजन करून भिंतीवर लिहा.

उन्हाचं फार जपा. कोंबडीला घाम येत नाही, धाप टाकूनच ती अंग थंड करते, अन् खाल्लेलं पचतानाही अंगात उष्णता होते. म्हणून उन्हं चढायच्या आत एक वेळ, दिवस मावळल्यावर दुसरी. दुपारी भांडं रिकामंच पाहिजे. पत्र्यावर उसाचं पाचट टाका, खिडकीला ओलं पोतं लावा, परळातलं पाणी दोन-तीनदा बदला. खालचा भुसा ओला राहू देऊ नका, लाल छाती अन् तळपायाचे फोड त्यानंच होतात.

उरलेल्या दोघींतली एक दोन वर्षं जगली. अंडीही दिली. ती गेली त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नाही.

परभणी_पशुसखी
गावरान कोंबड्या असतील तर यांना त्यांच्यात सोडू नका, त्या टोचतात अन् यांना पळता येत नाही. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. जानेवारी २०२१ मध्ये आमच्या मुरुंब्याला बर्ड फ्लू आला होता, तेव्हापासून मी सांगते: पक्षी अचानक मेला तर हात लावायच्या आधी दवाखान्याला कळवा. उचलताना पंखाला धरू नका, एक हात छातीखाली अन् एक मागून.

सेलूची_ताई
दादा, तुमचं उत्तर लेकाला वाचून दाखवलं. 'उताणी पडली' तिथं तो उठून बाहेर गेला. परत आला तो वाटी घेऊनच, म्हणाला माप कुठंपर्यंत ते खूण करून दे. खिळ्यानं रेघ ओढून दिली.

आज सहावा दिवस. भांडं रिकामं झालं की ढवळी ओरडते, ते ऐकवत नाही. काल मात्र शेवग्याच्या पाल्यापर्यंत स्वतः चालत गेली. चिमीचा पाय अजून तसाच आहे, उद्या दवाखान्यात नेते. ग्रोअर सेलूत मिळालं नाही, जिंतूरला मिळेल का कुणाला माहीत आहे?